कोथिंबिरीपुरतं धाडस

भित्रा माणूस घरात बसतो आणि धीट माणूस बाहेर पडतो, असं ज्याला वाटतं त्यानं २०२० च्या एप्रिलमधलं पुण्यातलं एकही किराणा दुकान पाहिलेलं नाही. दुकानासमोर खडूनं नाहीतर चुन्यानं वर्तुळं आखलेली असायची. एका वर्तुळात एकच माणूस, पुढच्यात पुढचा, असा सरकारी हिशेब. प्रत्यक्षात ऊन चढलं की वर्तुळांत पिशव्या उभ्या राहायच्या. कुणाची कापडी, कुणाची लग्नात नारळाबरोबर मिळालेली, आणि ज्याला पिशवीही सोडवत नाही त्याची नुसतीच उजव्या पायाची चप्पल. पिशव्यांनी अंतर अगदी काटेकोर पाळलेलं. पिशव्यांचे मालक मात्र समोरच्या कडुलिंबाखाली, जेवढी सावली तेवढ्यात, खांद्याला खांदा लावून उभे. चर्चेचा विषय एकच, लोकांना अजून गांभीर्यच नाही. मास्क हनुवटीवर, कारण मास्कमधून गांभीर्य पलीकडच्याला नीट ऐकू जात नाही.

ही माणसं घाबरलेली नव्हती असं समजू नका. घरी गेल्यावर याच मंडळींनी दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या, दोडकी खाण्याच्या सोड्यात बुडवली, नोटांवर इस्त्री फिरवली. लिफ्टचं बटण बोटानं दाबू नये म्हणून आमच्या सोसायटीनं लिफ्टमध्ये थर्माकोलचा तुकडा चिकटवून त्यात टूथपिक खोचून ठेवल्या होत्या. एक घ्यायची, बटण दाबायचं, डब्यात टाकायची. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका ती टूथपिक काटकसर म्हणून खिशात ठेवत आणि जेवणानंतर वापरत. भीती खरी होती आणि वागणंही खरं होतं, फक्त दोघांची गाठभेट होत नव्हती.

या विषयात अर्थशास्त्रज्ञांनी तेव्हा बरंच लक्ष घातलं. गूगलनं ३ एप्रिल २०२० पासून देशोदेशींच्या लोकांच्या हालचालीचे तक्ते जाहीर करायला सुरुवात केली. ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी हा नेहमीचा काळ धरून त्या मानानं दुकानात, बागेत, स्टेशनात, कचेरीत माणसं किती कमी-जास्त झाली आणि घरात किती जास्त वेळ राहिली, ते त्यात असे. दुसरीकडे, ७६ देशांतल्या ऐंशी हजार माणसांना ‘तुम्ही धोका पत्करायला कितपत तयार असता?’ वगैरे विचारलेली एक जुनी पाहणी हाताशी होती. काही संशोधकांनी ही दोन्ही एकमेकांशी जुळवून पाहिली. निघालं ते असं, की जिथली माणसं मुळातच जपून पाऊल टाकणारी, तिथं साथ आल्यावर बाहेर पडणं जास्त कमी झालं.

निष्कर्षावर माझं काही म्हणणं नाही. ज्या फोनांवर तो काढला, त्यांच्याबद्दल थोडं आहे. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त काकांचा मुलगा न्यू जर्सीत. त्यानं वडिलांच्या फोनचं लोकेशन आपल्या फोनवर दिसेल अशी सोय करून ठेवलेली. तिथं बसून तो वडिलांवर लक्ष ठेवी आणि पाहावं तेव्हा ठिपका घरातच बघून खूश होई. काका रोज पहाटे साडेपाचला फोन चार्जिंगला लावून टेकडीवर जात. पोलिसांनी फिरणाऱ्यांना रस्त्यातच उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. काकांनी तेही बघितले होते. म्हणाले, “व्यायामच करायला निघतो आपण. कुणी करवून घेतला तर बिघडलं कुठं?” गूगलच्या लेखी हा माणूस सबंध टाळेबंदीत उंबऱ्याबाहेर पडला नाही. जागतिक सरासरीत पुण्याची अब्रू अशा चार्जरांनी राखली आहे.

आणि समजा फोन खिशात असता, तरी माणूस कशासाठी निघालाय ते ठिपक्याला कळत नाही. सगळी गोम तिथंच आहे. आपल्याकडे साथीची भीती संकष्टीच्या उपवासासारखी पाळली गेली. अगदी कडक, फक्त साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे आणि वऱ्याचे तांदूळ चालतात. ज्याला जे सोडवत नाही ते त्यानं आपल्या यादीत चालण्यासारखं करून घेतलं. टाळेबंदी सुरू झाली ती २५ मार्चला, ऐन पाडव्याच्या दिवशी. त्यानंतर दाराच्या कडीला कोपर लावणारा माणूस कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी मंडईच्या दिशेनं निघालेला मी पाहिला आहे. जीव प्यारा आहे हे कबूल, पण पोह्यांवर कोथिंबीर नसेल तर त्या जीवाचं करायचं काय?

मग निघायला निमित्त लागे. सर्वांत मजबूत निमित्त म्हणजे औषधं. घरोघरच्या जुन्या फायली निघाल्या. ज्यांनी आयुष्यात डॉक्टरांचं एक ऐकलं नाही, त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या लॅमिनेट करून स्कूटरच्या डिकीत ठेवल्या. चौकात नाकाबंदी. हवालदार विचारतात, “कुठं निघालात?”

“मेडिकलमध्ये.”

“चिठ्ठी बघू.”

चिठ्ठी बाहेर येते. हवालदार ती उन्हात धरतात, पुन्हा वाचतात. “काका, ही बाळंतपणाआधीची लोहाची गोळी आहे.”

“घरात असावी म्हणून.”

“तारीख सत्त्याण्णवची आहे.”

“अहो, म्हणूनच संपली ना.”

काकांना त्या दिवशी सोडलं, असं ऐकतो. हसू दाबून मास्क लावलेल्या माणसाला कायदा राबवणं अवघड जातं.

अत्यावश्यक म्हणजे काय, यावर सरकारनं याद्यांवर याद्या काढल्या, पण ती यादी प्रत्येकाच्या पोटात आधीच तयार होती. मुंबईत जून २०२० च्या अखेरीस घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरा असं फर्मान निघालं, तेव्हा लोकांनी आधी काय केलं असेल, तर आपला नेहमीचा वडेवाला दोन किलोमीटरांत बसतो का ते नकाशावर मोजलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तिथं गाड्यांना रंगीत स्टिकर आले. डॉक्टरांना लाल, भाजी-अन्नवाल्यांना हिरवा, बाकीच्या अत्यावश्यकांना पिवळा. एका तरुणानं ट्विटरवर मुंबई पोलिसांनाच विचारलं, की मैत्रिणीला भेटायला जायचंय, फार आठवण येते, कुठला रंग लावू? पोलिसांनी न रागावता कळवलं, की तुमच्या दृष्टीनं ते अत्यावश्यक असणार हे समजतं, पण आमच्या यादीत बसत नाही. साथीच्या दोन वर्षांत सरकारी बाजूनं निघालेलं याहून समजूतदार वाक्य मला आठवत नाही. आठवडाभरात स्टिकर बंद झाले. मैत्रिणीचं काय झालं ते कळलं नाही.

याद्यांत प्रतिष्ठेचीही भानगड होती. ४ मे २०२० ला दारूची दुकानं उघडली आणि जी रांग लागली तिचे फोटो पाहून सज्जनांनी नाकं मुरडली. लाज नाही, मरणाची भीती नाही, वगैरे. मुंबईत तर दोनच दिवसांत दुकानांना पुन्हा कुलपं लागली. त्याच आठवड्यात आमच्या फाटकाशी रत्नागिरीहून हापूसचा टेम्पो आला. नाकं मुरडणारे सगळे सज्जन टेम्पोच्या मागच्या फळीला लटकले होते, आणि आंबा पिकलाय की नाही हे बघायला मास्क खाली घेऊन एकेक पेटी हुंगत होते. विषाणूची बदनामी दारूच्या रांगेतच होते, पायरीच्या किंवा हापूसच्या नाही.

पुण्यात मास्कची सक्ती ही तशी गमतीचीच गोष्ट होती. या गावात मुली वर्षानुवर्षं स्कार्फनं नुसते डोळे उघडे ठेवून स्कूटी चालवत आल्यात. त्यांना एका रात्रीत दूरदृष्टीचं श्रेय मिळालं. अडचण पुरुषांची झाली. हेल्मेटसक्तीला ज्यांनी मोर्चे काढून परतवलं, त्यांना कानामागे दोरी अडकवायला लावणं सोपं नव्हतं. सॅम पेल्ट्झमन नावाच्या शिकागोच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७५ साली मांडलं होतं, की गाडीत सुरक्षेची साधनं सक्तीची केली की चालक जास्त बेदरकार होतो आणि वाचलेला धोका वेग वाढवून परत मिळवतो. त्याच्यावर पुष्कळ वाद झाले. पुण्यात हेल्मेटच्या बाबतीत हा सिद्धान्त तपासता आला नाही, कारण कुणी घातलंच नाही. ती उणीव ऑक्सिमीटरनं भरून काढली. बोटाला लावायचं ते छोटं यंत्र घरात आलं आणि घराचा धीर एकदम वाढला. “अठ्ठ्याण्णव आहे” असं म्हणत माणसं महाबळेश्वरला निघाली. तिथल्या बाजारात मका खाताना, एकमेकांच्या तोंडासमोर बोलताना, मधूनच बोट यंत्रात घालून बघत. आकडा उत्तम आला की आणखी एक प्लेट.

या सगळ्या हिशेबात एक समजूत मात्र जवळजवळ एकमतानं पाळली गेली. रोग परक्यांना होतो. वॉचमनशी बोलताना मास्क, कुरियरवाल्याशी बोलताना मास्क आणि वर तीन पावलं मागे. पण मावसभाऊ आला, की “अगं, आपल्या घरचेच आहेत, मास्क काय लावून बसलीस परक्यासारखी?” विषाणूला नातं कळत नाही हे डॉक्टर टीव्हीवर घसा कोरडा करून सांगत होते. पण टीव्हीवरचा डॉक्टर शेवटी परकाच.

याची खरी परीक्षा लग्नात झाली. सुरुवातीला पन्नास माणसं चालत. एप्रिल २०२१ मध्ये नियम आला, लग्न दोन तासांत आटपायचं, माणसं पंचवीस, मोडलं तर पन्नास हजार दंड. पन्नास हजारांत आजकाल मंडपही होत नाही, त्यामुळे दंडाला काही घरांत खर्चाच्या यादीत ओळ मिळाली म्हणतात. ते जाऊ दे. पंचवीसचं गणित करून बघा. वधू-वर, आई-वडील, गुरुजी, फोटोवाला आणि त्याचा पोरगा धरून नऊ. उरले सोळा. दोन्हीकडचे मिळून काका, आत्या, मामा, मावश्या आणि ज्यांच्याशिवाय अक्षता पडू शकत नाहीत असं त्यांना स्वतःला वाटतं ते, अशी गोळाबेरीज सत्तरच्या खाली कुणी आणून दाखवावी. आमच्या नात्यात एका घरी ही यादी तीन रात्री चालली. मुलीच्या वडिलांना साखर होती, रक्तदाब होता, सरकारी यादीप्रमाणे ते सगळ्यात धोक्यातले. पण त्यांच्या तोंडून विषाणूचं नाव एकदाही निघालं नाही. त्यांना धास्ती होती ती नाशिकच्या थोरल्या आत्यांची. त्यांना नाही बोलावलं, तर? कोरोना चौदा दिवसांत उतरतो. आत्यांचा रुसवा चालतो पुढच्या पिढीपर्यंत. शेवटी आत्यांना बोलावलं आणि सख्ख्या धाकट्या भावाला आपण होऊन थांबायला सांगितलं, कारण तो समजूतदार आहे. समजूतदार माणसाला मानपानात नेहमीच असं घरी बसावं लागतं.

आत्या आल्या. मास्क पैठणीच्या काठाचा.

पण साथ परक्यांची, हा हिशेब उलटाही मांडता येतो, हे आमच्या सोसायटीला कळलं होतं ते २०२० च्या जूनमध्येच. घरकामाच्या मावश्यांना फाटकातून आत घ्यायचं की नाही, यावर झूमवर सभा भरली. मार्च-एप्रिलमध्ये ठराव झटक्यात झाला होता, ‘धोका फार, प्रवेश बंद.’ मे सरता सरता धोका कमी होऊ लागला. शहरातले आकडे तेव्हा चढते होते, पण आमच्याकडचा धोका आकड्यांवर नव्हता, खरकट्या भांड्यांवर होता, आणि त्या दोघांचं प्रमाण व्यस्त. ओट्यावर ढीग जसा वाढला तशी साथ ओसरली. मग अटी ठरल्या. मावश्यांनी फाटकाशी हात धुवायचे, कपाळाला ताप मोजायची ती बंदूक लावून घ्यायची, लिफ्ट वापरायची नाही, जिना चढायचा. सेक्रेटरीसाहेबांनी अटी वाचून दाखवल्या. सभेत जोडून घेतलेल्या एका मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “साहेब, ते बी-विंगमधले दादा परदेशातनं आलेत, ते लिफ्टनं जातात का?”

सभेत ज्यांचे माईक चालू होते त्यांनी ते बंद केले.

प्रश्न साधा होता. महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले, आणि ते दुबईहून फिरून आले होते. हा रोग वस्तीतून बंगल्यात गेला नाही. तो विमानातून उतरला, पासपोर्टवर शिक्का घेऊन आला आणि मग खालच्या अंगाला गेला. बंदूक मात्र मावशींच्या कपाळाला. १८९७ साली प्लेगात याच पुण्यात गोरे सोजिर घरांत घुसून माणसं तपासत होते, ते किस्से आम्ही अजून चवीनं सांगतो. त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर निघाला. कायदा सवा शतक जुना, पण खणखणीत निघाला.

आणि धोका किती पत्करायचा हे ठरवायची चैन प्रत्येकाला थोडीच असते? त्या मे महिन्यात रस्त्यांनी पायी निघालेली माणसं ना धीट होती, ना बेफिकीर. रोजगार बुडालेला, खोलीचं भाडं चढत चाललेलं. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ‘तुम्ही धोका पत्करायला कितपत तयार असता?’ हा प्रश्न त्यांना कुठल्या रकान्यात विचारायचा, ते मला सुचत नाही.

ज्यांच्याकडून सगळ्यांना धास्ती होती, त्यांनी मात्र थक्क केलं. आषाढीची वारी म्हणजे लाखो माणसं, अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल, फुगड्या, उराउरी भेटी. संसर्गाच्या दृष्टीनं याहून वाईट कल्पना शोधून सापडायची नाही. २०२० साली पादुका एसटीत बसून पंढरपूरला गेल्या आणि वारकरी घरी थांबले. ज्यांची ओढ सगळ्यात मोठी ते थांबले, आणि आम्ही कोथिंबिरीला निघालो. गणपतीत चाकरमानी काय थांबेना. चतुर्थी २२ ऑगस्टला, गावी जाऊन दहा दिवस विलगीकरणात बसायचं, शाळेच्या पडवीत झोपायचं, सगळं कबूल. मुंबईतला माणूस एरवी लोकलमधल्या चौथ्या सीटसाठी भांडतो. तोच शाळेच्या बाकावर दहा रात्री काढून वर म्हणत होता, “बाप्पाक काय सांगू? ऑनलाइन ये म्हणान?”

दुसऱ्या लाटेनं सगळ्यांच्याच याद्या फाडल्या. तोवर आकडे ऐकू येत होते, आता नावं ऐकू यायला लागली. रोजच्या बातम्यांत हजारो ऐकून जो माणूस हलला नव्हता, तो समोरच्या इस्त्रीवाल्याचं ऐकून आठ दिवस दारात आला नाही. टेकडीवाले काकासुद्धा फोन घरी ठेवून घरीच बसले. पहिल्यांदाच ठिपका आणि माणूस एका जागी आले.

मग लसीची पाळी आली. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांपुढच्या सगळ्यांना लसीकरण खुलं झालं आणि लस मात्र पुरेना. कोविनवर शहरातली वेळ सेकंदात संपे, म्हणून मंडळींनी तालुक्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रं धुंडाळायला सुरुवात केली. आमच्या मजल्यावरचा आयटीतला तरुण यात आघाडीवर. हा पोरगा वर्षभर दारात आलेल्या पार्सलला तीन दिवस गॅलरीत उन्हं दाखवी. फोन सॅनिटायझरनं पुसून पुसून त्याच्या पडद्याचा रंग गेला होता. भोर तालुक्यातल्या एका केंद्रात वेळ मिळाल्याबरोबर पहाटे गाडी काढली. जाताना कापूरहोळला मिसळ खाल्ली का, हे मी विचारलं नाही. शर्टावर होती.

केंद्राच्या दारात दोन मास्क, चेहऱ्यावर शील्ड, हातात मोजे, असा तो उभा राहिला. ओट्यावर गावातली एक आजी आपल्या नंबरची वाट बघत बसलेली. तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“कुठनं आलास रं?”

“पुण्याहून, आजी.”

आजीनं घाईघाईनं पदर तोंडाला लावला आणि अंग चोरून भिंतीकडे सरकली.

“मंग तकडं फाटकाभाईर थांब जरा. लई भ्यां वाटतंय तुमा लोकांचं.”